अठराव्या पिशवीतली माती

बासष्टी उलटली, डोक्यावर मोजून घ्यावेत इतके केस उरले, जिना चढताना दोन्ही गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. लहानपणी बहिणीनं मारलेली हाक जी चिकटली ती चिकटलीच. बस कंपनीच्या फळ्यावरही ड्युटीच्या रकान्यात खडूनं ‘धाकटा’ एवढंच लिहिलेलं असे. नवा क्लार्क आला की हमखास विचारायचा, “मग थोरला कुठल्या गाडीवर?”

धाकट्याची गाडी चौदा सीटची होती. सकाळी साडेनऊला हॉटेलांच्या दारातून पाहुणे उचलायचे, दिवसभरात तीन वाइनरी दाखवायच्या आणि संध्याकाळी पाचला जिथले तिथे सोडायचे. मुलूख उन्हाचा. वर्षातले तीनशे दिवस ऊन, असं कंपनीच्या पत्रकावर छापलेलं होतं, आणि उरलेले पासष्टही फार काही वेगळे नसत. टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या ओळी विंचरून काढल्यासारख्या दिसत. त्या बघायला लांबलांबून माणसं येत. सकाळी ती प्रश्न विचारत, जेवणानंतर कशालाही हसत आणि चारच्या सुमाराला माना टाकून झोपत. अकरा वर्षं हेच चाललं होतं. धाकटा स्वतः वाइन पीत नसे. तत्त्व वगैरे काही नव्हतं, गाडी हातात होती एवढंच.

सोबत गाइडबाई असत. चाळिशीच्या, बोलायला फर्ड्या, माइक हातात आला की थांबणं ठाऊक नाही. पहिली वाइनरी झाल्यावर रस्ता टेकडीच्या धारेवरून खाली उतरायचा. तिथे उजव्या हाताला गुडघाभर उंचीचा, पांढरा रंग दिलेला एक दगड होता आणि त्यावर काळ्या रंगात सतरा हा आकडा. गाइडबाई तिथे गाडी हळू करायला सांगत.

“हा दगड बघून घ्या,” त्या म्हणत. “इथपर्यंतची जमीन मानांकनातली. इथल्या द्राक्षांच्या वाइनलाच या टेकडीचं नाव लावता येतं. वरच्या जमिनीत चुनखडी आहे, खाली नुसती चिकण माती. थोडक्यात काय, दगडाच्या वर देवाची माती आणि खाली माणसांची.”

गाडीत हशा व्हायचा. कुणीतरी काचेतून फोटो घ्यायचं. तेवढ्या वेळात धाकटा आरसा पुसायचा. आरसा लख्ख असला तरी पुसायचा.

दगडापासून चाळीस पावलांवर, खालच्या अंगाला, हिरव्या दाराचं एक घर होतं. दाराशेजारी पाटी होती, ‘घरची वाइन मिळेल’. ते घर त्याच्या ताईचं. अकरा वर्षांत त्याची बस त्या दारात एकदाही थांबली नव्हती. मानांकनाबाहेर थांबायचं नाही, असा कंपनीचा नियमच होता. ताई पायरीवर बसलेली असली तर हात हलवायची आणि तो हॉर्न वाजवायचा, अगदी हलका, पाहुण्यांच्या लक्षात येऊ नये इतका.

“तुझ्या गाडीला आमच्या दाराचं वावडं आहे का रे?” ती कधी भेटली की म्हणायची.

“नियम आहे ताई कंपनीचा.”

नियम होता हे खरं. पण नियम नसता तरी तो थांबला असता का, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

त्यामागच्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. तेव्हा धाकटा विहिरी खणायचा. मानांकनाचं मंडळ नवीनच स्थापन झालं होतं आणि टेकडीचं नाव कुठपर्यंतच्या बागांना द्यायचं हे ठरवण्यासाठी माती तपासायची होती. धारेपासून खाली ओढ्यापर्यंत दर शंभर पावलांवर एक खड्डा, छातीइतका खोल. तळची माती पिशवीत भरायची, पिशवीवर खड्ड्याचा नंबर टाकायचा आणि पिशव्या प्रयोगशाळेत पाठवायच्या. देखरेखीला एक अधिकारी होते, त्यांना सगळे मातीसाहेब म्हणत. माणूस भला, पण दम्यानं बेजार. चार पावलं चालले की त्यांची छाती पेटीसारखी वाजायची.

सतराव्या खड्ड्यापर्यंत खणायला दोघे होते. मग जोडीदार तापानं पडला आणि उरलेलं काम धाकट्याच्या एकट्याच्या गळ्यात आलं. त्या दिवशी साहेब म्हणाले, आज ओढ्याकडून सुरुवात करू. एकोणिसावा खड्डा सकाळी उन्हं चढायच्या आत झाला. माती लोण्यासारखी, काळी, तळापर्यंत एकसारखी. मग अठरावा. तो बरोबर ताईच्या बागेत येत होता.

ताईच्या म्हणजे दाजींच्या. दाजी शिकलेले, टापटिपीचे. शेतात असले तरी शर्टाची बाही दुमडायचे नाहीत. बाग त्यांच्या वडिलांनी लावलेली होती. चाळीस वर्षांचे वेल, खोडं मनगटाहून जाड, बारीक मण्यांची काळी द्राक्षं. ती टेकडीवरच्या मोठ्या वाइनरीत जायची आणि वाइनरीवाले ती वेगळ्या पिंपात ठेवायचे, इतका त्यांचा मान. त्या दिवशी मंडळाची दोन बडी माणसं पाहणीला आली होती. दाजी त्यांना बाग दाखवत दाखवत खड्ड्यापाशी आले. धाकटा घामानं निथळत उभा होता, अंगात फाटकं बनियन. त्यातल्या एकानं सहज विचारलं, “हा कोण?”

“आहे एक कामगार,” दाजी म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन पुढे गेले.

धाकट्यानं पुन्हा पहार उचलली. गुडघाभर खाली काहीतरी भलतंच टणक लागलं होतं. राखाडी कवच, एखादं दगडी उखळ जमिनीत पुरून ठेवावं तसं. पहार आपटली की हाताला झिणझिण्या यायच्या आणि टवका निघायचा तो नखाएवढा. तासभर त्यानं झोडलं. तळहात सोलले. ऊन माथ्यावर आलं. जीपमध्ये, सावलीत बसलेल्या मातीसाहेबांनी तिथूनच विचारलं, “झाला का रे?”

“झाला,” धाकटा म्हणाला.

मग फावडं घेऊन तो खालच्या, एकोणिसाव्या खड्ड्यापाशी गेला. त्याच्या ढिगातली माती त्यानं अठराव्या पिशवीत भरली, तोंड बांधलं, नंबर टाकला. परत येऊन तो अर्धामुर्धा खड्डा बुजवून टाकला. साहेब बघायला आले नाहीत. त्यांना तेवढी चढण झेपलीच नसती. सगळ्याला मिळून पाव तास लागला. माती ती माती, असं तो स्वतःशी म्हणाला, शंभर पावलांत असा काय फरक पडतो.

दोन वर्षांनी नकाशा आला. रेघ सतरा आणि अठराच्या मधून गेली होती.

हरकत नोंदवायला तीन महिने होते. ताई दाजींच्या मागे लागली होती, घ्या हरकत म्हणून. आपली द्राक्षं काय आजची आहेत का, वाइनरीवाले काय उगाच इतकी वर्षं मान देत होते का. दाजींनी मान हलवली. “हरकत कशाची घेऊ? खड्डा काय परक्यानं खणलाय? आपल्याच धाकट्यानं खणलाय. त्याच्या हातावर विश्वास नाही ठेवायचा तर कुणाच्या?”

धाकटा तिथेच बसला होता, हातात चहाचा कप. एका शब्दाचं काम होतं. ‘दाजी, घ्या हरकत,’ एवढंच. पण दाजी त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आपला म्हणाले होते. त्यानं चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

पुढच्या मोसमापासून वाइनरीनं दाजींची द्राक्षं घेणं बंद केलं. वाइनरीचा तरी काय दोष, त्यांनाही नकाशाच्या बाहेरचा एक घड चालत नव्हता. दाजींनी दोन-तीन वर्षं इकडेतिकडे माल दिला. मग ते कृषी केंद्रात गेले. तिथल्या माणसानं नकाशा बघून सांगितलं, चिकण मातीत या जातीचा हट्ट धरू नका, रसाची मोठी द्राक्षं लावा, टँकरवाले बांधावरून घेऊन जातील. दाजींचा शास्त्रावर भरवसा. वडिलांची जीभ, स्वतःची जीभ, वाइनरीवाल्यांची जीभ, सगळं खोटं आणि नकाशा तेवढा खरा, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं. चौथ्या वर्षी त्यांनी बाग उपटायला काढली.

उपटायला धाकट्याला बोलावलं. ट्रॅक्टरला साखळी बांधायची, साखळीचा फास खोडाला अडकवायचा, ट्रॅक्टरनं हिसका द्यायचा. सव्वीस ओळी होत्या. पहिला वेल निघाला तेव्हा मुळांचा झुबका बाहेर आला आणि त्याला पांढरे गड्डे लगडलेले होते. मुळं त्या कवचाच्या भेगांतून खाली गेली होती, खोल, पांढऱ्या मातीत. धाकटा साखळी हातात धरून त्याकडे बघत राहिला. दाजींनी एक गड्डा उचलून हातात फिरवला.

“इथे पूर्वी चुन्याची भट्टी होती म्हणतात,” ते म्हणाले. “त्याचंच असेल.” आणि गड्डा बाजूला टाकला.

धाकट्यानं फास दुसऱ्या खोडाला अडकवला. दोन दिवस तो फास अडकवत राहिला. ताई दारातसुद्धा आली नाही. फक्त स्वयंपाकघरामागच्या एका ओळीला, बेचाळीस वेलांना, तिनं हात लावू दिला नाही. “माझ्या खिडकीतून दिसतात,” ती म्हणाली, “ते राहू देत.” त्याच ओळीतून ती पुढे थोडीशी वाइन करत राहिली, हिरव्या दारात विकायला.

त्यानंतर धाकट्यानं पहार कधी हातात घेतली नाही. गुडघे दुखतात असं सांगितलं, गाडी शिकला, आधी ट्रक, मग बस. त्याची बायको म्हणायची, या माणसाशी बोलायचं म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहायचं. तिला त्यानं सांगितलं नाही. कुणालाच नाही. दाजींच्या बागेत रसाची द्राक्षं वाढली, टँकर येत राहिले, पण दाजी बागेत जाईनासे झाले. शेवटच्या आजारपणात धाकटा त्यांना दवाखान्यात न्यायचा-आणायचा. एकदा गाडीत, खिडकीबाहेर बघत, ते म्हणाले, “वडिलांची बाग माझ्या हातात आली आणि बिघडली. माझाच हात वाईट असणार.” धाकट्याच्या तोंडाशी आलं होतं. समोर सिग्नल पडला. हिरवा झाला तेव्हा त्यानं गाडी पुढे घेतली. सहा वर्षं झाली दाजींना जाऊन.

मग एका मोसमाच्या सुरुवातीला, पाहुण्यांत एक म्हातारं जोडपं होतं. पहिल्या वाइनरीतून गाडी निघाली आणि त्यातल्या आजींनी पुढे येऊन धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“भाऊ, मला जायला हवं. आत्ता.”

“पुढच्या वाइनरीत सोय आहे, आजी. वीस मिनिटं.”

“माझ्याकडे वीस मिनिटं नाहीत. पाच असतील.”

सतराचा दगड आला होता. घर एकच होतं. धाकट्यानं गाडी हिरव्या दारासमोर लावली.

ताईनं आजींना मागच्या दारानं नेलं. मग बाकीचे पाय मोकळे करायला उतरले, ताईनं पेले काढले, तिची मुलगी बाटली घेऊन आली, आणि गाइडबाईंनी घड्याळ बघत कपाळाला हात लावला. वाइन चाखून दोघं-तिघं गप्प झाले. हे गप्प होणं गाइडबाईंना ओळखता येत होतं. त्यांच्या चांगल्या वाइनरीतही ते रोज होत नसे.

आजी परत आल्या त्या हातात पांढरा गड्डा घेऊन. संडासामागे ताईनं नवा शोषखड्डा खणवून घेतला होता, त्याचा ढीग तिथे पडला होता.

“मी जन्मभर कॉलेजात दगड शिकवले,” आजी म्हणाल्या. “हे कुठून आलं?”

“प्लास्टर असेल गवंड्याचं,” ताई म्हणाली.

“व्हिनेगर आहे का घरात?”

वाइन करणाऱ्या घरात व्हिनेगर नसून कसं चालेल. भाचीनं बशीत ओतून आणलं. आजींनी गड्ड्याचा तुकडा त्यात टाकला आणि बशीत फसफस उठली.

“ही चुनखडी आहे. प्लास्टर नाही, जमिनीतली आहे.” त्या गाइडबाईंकडे वळल्या. “तुम्ही तर म्हणालात, दगडाच्या खाली नाही म्हणून.”

“नकाशात नाहीये,” गाइडबाई म्हणाल्या.

“मग नकाशानं येऊन बशीत बघावं.”

सगळे हसले. ताई हसली नाही. ती बशीकडे बघत होती. मग तिनं दारात उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. “धाकट्या, तेव्हा इथे तूच खणलं होतंस ना? किती खोल गेला होतास?”

चौदा माणसं त्याच्याकडे बघत होती.

“छातीइतका,” तो म्हणाला.

उरलेल्या दोन वाइनरींत तो गाडीतून खाली उतरला नाही. परतीच्या वाटेवर पाहुणे झोपले, गाइडबाईही झोपल्या. एकतीस वर्षांपूर्वी खोटं बोलला तेव्हा तो तरुण होता आणि ऊन होतं. आज ना ऊन होतं ना थकवा. आज जे बोलला ते निव्वळ खोटं होतं आणि तेही बहिणीच्या तोंडावर.

सोमवारी गाडी बंद असते. सकाळी दहाला तो ताईकडे गेला. ती पुढच्या खोलीत टेबलाशी बसून बाटल्यांना लेबलं लावत होती. लेबलावर टेकडीचं नाव नव्हतं, नुसतं ‘लाल’ असं लिहिलेलं होतं. मोरीत भाची रिकाम्या बाटल्या विसळत होती. धाकटा स्टुलावर बसला.

“ताई, तो खड्डा मी खणलाच नाही.”

“कुठला?” ती लेबलावरून अंगठा फिरवत होती.

“अठरावा. गुडघ्यापर्यंत खणला. खाली कवच लागलं, फुटेना. मग पिशवीत एकोणिसाव्यातली माती भरली.”

मोरीतलं पाणी बंद झालं. ताईनं पुढची बाटली घेतली, कपड्यानं पुसली, लेबल लावलं. मग आणखी एक. तिसरी उचलताना तिनं विचारलं, “मुद्दाम केलंस?”

हा प्रश्न तो स्वतःला इतक्या वेळा विचारून बसला होता की त्याच्या कडा झिजल्या होत्या. थकलो होतो म्हणाला असता तर ते खोटं झालं नसतं.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला. “ऊन होतं. हात सोलले होते. आणि त्या लोकांनी हा कोण म्हणून विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, आहे एक कामगार. यातलं काय किती होतं, ते मला आजही सांगता येत नाही.”

“असं म्हणाले ते?”

“हो.”

“म्हणाले असतील,” ताई म्हणाली. “त्यांना चार लोकांत लाज फार वाटायची. माझीही वाटायची.” तिनं लेबलांची चळत सारखी केली. “बाग उपटली तेव्हा साखळी तू लावत होतास.”

“हो.”

“तेव्हा ठाऊक होतं तुला?”

“मुळांना पांढरं लागलेलं बघितलं तेव्हा कळलं.”

“सव्वीस ओळी होत्या. कितव्या ओळीला कळलं?”

इथेही खोटं बोलता आलं असतं. शेवटच्या ओळीला म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं.

“पहिल्या वेलाला,” तो म्हणाला.

ताईच्या हातातलं लेबल तिरकं लागलं. ते सोडवून पुन्हा लावायला गेली तर फाटलं. तिनं नखानं त्याचे कपटे खरवडले, एक एक करून, आणि टेबलाच्या कडेला ठेवले.

“जा तू आता,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही, वर बघितलंही नाही.

भाची त्याच्यामागे फाटकापर्यंत आली. हात ओले होते, ते तिनं कपड्याला पुसले. “मामा, हे लिहून द्याल मंडळाला?”

“देतो.”

“नोकरी जाईल तुमची.”

“जाऊ दे.”

“तुमच्या काळजीनं नाही विचारत मी,” ती म्हणाली. “लिहून दिलंत आणि मग फिरलात, तर आईला ते सोसणार नाही. म्हणून विचारते.”

“नाही फिरणार.”

मंडळाचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. लाकडी बाक, खिडकीत वाळलेली कुंडी, टेबलापलीकडे एक तरुण अधिकारी. त्यानं धाकट्याचा जबाब दोनदा वाचला आणि आतून जुनं रजिस्टर मागवलं. मातीसाहेबांचं तिरकं अक्षर धाकट्यानं लांबूनच ओळखलं. ‘खड्डा अठरा. खोली छातीइतकी. माती एकोणीसप्रमाणे.’

“साहेब तर हयात नाहीत,” अधिकारी म्हणाला. “याला साक्षीदार कोण?”

“मीच.”

“तुम्ही आरोपी झालात की.”

“दुसरं कुणी नव्हतं तिथे,” धाकटा म्हणाला. “जे काय आहे ते मीच.”

बातमी टेकडीवर पसरायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत. दगडाच्या वरच्या बागवाल्यांनी मंडळाला पत्र दिलं की ड्रायव्हर बहिणीच्या फायद्यासाठी बनाव रचतोय. रेघ एकदा हलली की कुठे जाऊन थांबेल, याची त्यांना धास्ती. कंपनीनं धाकट्याला काढलं नाही, पण वाइनच्या फेरीवरून उतरवून स्टेशन ते हॉटेल अशी गाडी दिली. शेवटच्या दिवशी गाइडबाई खाली उतरताना दारात थांबल्या.

“काका, अकरा वर्षं मी माइकवर बोलत होते आणि तुम्ही आरसा पुसत होतात,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी मला सांगायचंत. मी त्या घराची चेष्टा करत आले.” आणि उत्तराची वाट न बघता गेल्या.

मंडळानं नवा खड्डा घ्यायचं ठरवलं. धाकट्यानं अधिकाऱ्याला विचारलं, मी खणू का. अधिकाऱ्याला हसू आलं. आता ते काम मशीन करतं. मशीन आलं, चालवणारा कानात गाणी लावून बसलेला. बादलीच्या दातांनी ते राखाडी कवच दोन दणक्यांत फोडलं आणि खालून पांढरी माती वर आली. दहा मिनिटांत छातीइतका खड्डा तयार झाला. ताई दाराबाहेर आली, काठावर उभी राहून तिनं आत बघितलं आणि परत घरात गेली. धाकटा फाटकाबाहेरच उभा होता. त्याला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

पुढे आणखी चार खड्डे झाले. चुनखडी बागेच्या निम्म्यापर्यंत होती, मग संपत होती. खालची निम्मी बाग खरोखरच चिकण मातीची निघाली. निकाल यायला दीड वर्ष लागलं. वरची निम्मी आत, खालची बाहेर. सतराचा दगड उखडून दीडशे पावलं खाली रोवला.

पण नाव लावायचं तर द्राक्षही जुन्याच जातीचं हवं, असा नियम होता. दाजींनी लावलेली रसाची द्राक्षं त्यात बसत नव्हती. सगळ्या बागेत नियमात बसणारी एकच ओळ होती, खिडकीमागची. भाचीनं त्या बेचाळीस वेलांच्या काड्या काढल्या, रोपवाटिकेत खुंटांवर कलमं बांधून घेतली आणि वरच्या निम्म्या बागेतले रसाचे वेल काढून टाकले. कलमं लागल्यापासून धरण्याजोगं पीक यायला चार वर्षं. ताई तेव्हा एकोणसत्तरची होती. हे गणित तिथे कुणीच मोठ्यानं केलं नाही.

धाकटा सोमवारी येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा विचारून आला नाही. भाची ओळींच्या दोऱ्या ताणत होती, त्यानं छपरीतली पहार घेतली आणि कलमांसाठी खड्डे घ्यायला लागला. मशीन मोठे खड्डे घेतं, कलमाचा खड्डा हातानंच घ्यावा लागतो. कवच होतं तसंच होतं. चौसष्टीत त्यावर पहार आपटणं म्हणजे गुडघ्यांशी भांडण काढणं. दिवसाला सहा-सात खड्डे व्हायचे. भाची म्हणाली, माणूस लावते, तुम्ही नका करू. तो म्हणाला, माणूसही लाव.

ताईनं नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. त्याच्याशी थेट बोलणं तिनं बंद केलं होतं. “तुझ्या मामाला सांग, ती ओळ वाकडी जातेय,” असं ती मुलीला सांगायची, मामा दहा पावलांवर असताना. तो ओळ सरळ करायचा. दुपारी त्याचा डबा तो छपरीत खायचा. असा एक हिवाळा गेला, उन्हाळा गेला. अर्धी कलमं लागली, काही जळाली, जळालेल्या जागी पुन्हा खड्डे घ्यावे लागले.

दुसऱ्या हिवाळ्यातल्या एका सोमवारी भाची शहरात गेली होती. सकाळपासून तो एकटाच होता. अकराच्या सुमाराला ताई पाण्याचा जग घेऊन आली. मध्ये कुणी निरोप पोचवणारं नव्हतं. तिनं जग त्याच्या शेजारी बांधावर ठेवला आणि उभी राहिली.

“मला सांगून काय झालं रे?” ती म्हणाली. “मला जमीन कधी वाईट वाटलीच नव्हती. मी तर ती एक ओळ ठेवली होती. सांगायचं होतं ते त्यांना. जाईपर्यंत स्वतःच्याच हातात खोट शोधत बसले.”

धाकट्यानं मान हलवली. गाडीतला तो सिग्नल, ते वाक्य तिला सांगावं का, असं क्षणभर त्याला वाटलं. पण ते सांगून त्याचं ओझं हलकं झालं असतं, आणि तिचं वाढलं असतं. त्यानं जग उचलला. पाणी प्यायला.

“कुठली कुठली लागलीत?” तिनं विचारलं.

“इकडची सगळी. खालच्या टोकाची अकरा जळाली.”

“ती दाखव.”

तो पहारीचा आधार घेऊन उठला. ताई पुढे निघाली होती, एकेका कलमाशी वाकून बोटानं साल खरवडत, आत हिरवं आहे का ते बघत.